आसन आणि जू

जळत्या एरंडेलाचा वास! तुम्ही नाक मुरडाल, ठाऊक आहे मला. एरंडेल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती बालपणीची एखादी सकाळ, नाक दाबून धरणारा आईचा हात आणि काही केल्या घशाखाली न उतरणारा तो चिकट चमचा. मलाही ते सारे आठवते. पण काल वडगावच्या बाजाराकडे निघालेली एक बैलगाडी माझ्या शेजारून चढ चढत गेली. तिच्या आखाला नुकतेच एरंडेल घातले होते, ओझ्याने आख तापला होता आणि तो उग्र, किंचित गोडसर दर्प वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत आला. आणि मी, पन्नाशी ओलांडलेला, उपरणे सावरीत चालणारा संस्कृतचा शिक्षक, भर रस्त्यात थबकून आकाशाकडे पाहू लागलो! गाडीवानानेही वर पाहिले. त्याला घारसुद्धा दिसली नाही. "काय हाय वर, मास्तर?" त्याने विचारले. त्याला काय सांगणार? त्या वासाला माझ्या लेखी पंख आहेत, हे रस्त्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखे थोडेच आहे! पण तुम्ही निवांत आहात, आणि सांगितल्यावाचून मलाही आज चैन पडायचे नाही.

दहा-एक वर्षे झाली त्याला. घाटात विजेची इंजिने नुकतीच रुळली होती आणि वाफेच्या इंजिनांचा दरारा ओसरत चालला होता. आमचे सदुभाऊ लोणावळ्याच्या रेल्वे शेडमध्ये फिटर. आयुष्यभर धगीशी आणि धुराशी दोस्ती केलेल्या या माणसाला त्या निर्धूर, निमूट चालणाऱ्या इंजिनांचे काही कौतुक वाटेना. हातांना काम उरले होते, पण मनाला उरले नव्हते. अशात खंडाळ्याच्या एका हॉटेलात कुणी परदेशी पाहुणा विसरून गेलेले एक मासिक त्यांच्या हाती पडले. लाकूड, कापड, सरस आणि मिळेल ते लहानसे इंजिन एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी विमान कसे बांधावे, याचे नकाशे त्यात छापले होते! सदुभाऊ ते मासिक छातीशी धरून शाळेत धावत आले. मी वर्गावर होतो. दारातूनच ओरडले, "मास्तर, हे घरी करता येतं!" रामरक्षा म्हणावी तसे हे वाक्य मी अजूनही कधीकधी मनाशी म्हणतो. हे घरी करता येतं! केवढी विलक्षण गोष्ट आहे ही! जे आजवर केवळ पुराणांत आणि वर्तमानपत्रांत उडत होते, ते आमच्या लोणावळ्याच्या भांगरवाडीत, एका पडवीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, माणसाच्या दोन हातांनी घडू शकते!

आणि ते घडू लागले. खोक्यांच्या देवदारी फळ्या तासून पंखांच्या बरगड्या झाल्या. सदुभाऊंच्या पत्नीने, आमच्या काशीवहिनींनी, आपल्या शिवणयंत्रावर पंखांचे कापड शिवले आणि ते ढोलकीसारखे ताणून बसावे म्हणून त्यावर साबुदाण्याची खळ चढवली. त्या वर्षी एकादशीला त्यांच्या घरी खिचडी झाली नाही. सगळा साबुदाणा आकाशाच्या वाटेला लागला होता. इंजिन मिळाले खंडाळ्याच्या एका बंगल्यात धूळ खात पडलेल्या मोटारसायकलीचे. त्याला वंगणाला एरंडेलच लागायचे. पडवीत ते पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा शेजारच्या चार घरांतली माणसे त्या वासाने, कुणाला जुलाब दिला ते विचारायला आली.

या महत्कार्यात माझा वाटा कोणता? भाषेचा! मासिक इंग्रजी, आणि लोखंडकाम करणारे इमामभाई लोहार केवळ मराठी वाचणारे. वडगावच्या बाजारात त्यांचा भाता होता. गाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवावी तर त्यांनीच, असा त्यांचा मावळभर लौकिक. त्यांच्यासाठी त्या नकाशांचे मराठी करण्याचे काम सदुभाऊंनी माझ्यावर सोपवले आणि मी हुरळून गेलो. तो काळच तसा होता. परक्या शब्दांना देशोधडीला लावून त्यांच्या जागी अस्सल गीर्वाण शब्द बसवण्याचा ध्यास आम्हा शिक्षकांना लागला होता. मी पुच्छ लिहिले, पक्षदंड लिहिले, पुढच्या पंख्याला वायुकर्तक लिहिले, आणि प्रत्येक शब्दानंतर लेखणी खाली ठेवून तो दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. मग आले ते प्रकरण. इंजिन जिच्या आधाराने विमानाच्या नाकाशी राहते, त्या लोखंडी चौकटीचे. मासिकात तिचे चित्रच नव्हते! इंजिन ज्याचे त्याचे निराळे, तेव्हा ही चौकट ज्याने त्याने आपल्या इंजिनाप्रमाणे बळकट करून घ्यावी, एवढेच दोन ओळींत म्हटले होते. म्हणजे सारा भार एकट्या शब्दावर! मी तासभर विचार केला, आणि मग माझ्या मुखातून तो शब्द उमटला: यंत्रासन. अहाहा! यंत्राचे आसन! काय तो घाट, काय तो नाद! मी तो ठळक अक्षरांत लिहिला आणि खाली दोनदा रेघ ओढली.

इमामभाईंनी कागद वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि आठ दिवसांत यंत्रासन करून आणले. जाडजूड लोखंडी पट्ट्यांचा तो एक भक्कम पाट होता, खालून दोन तिरप्या टेकूंनी तोललेला, आणि मागच्या कडेने विमानाच्या नाकातल्या उभ्या फळीला चार बोल्टांनी जखडलेला. इंजिन त्यावर असे काही ऐटीत बसले की पाहतच राहावे! सदुभाऊ तर भारावून गेले. त्यांचे आयुष्य वाफेच्या इंजिनांत गेलेले. तिथे जड असणे हाच गुण, जितके ओझे तितकी रुळांवर पकड. त्यांनी मासिकातला हिशेब लावला. वाऱ्याच्या धक्क्याने किंवा उतरतानाच्या आदळण्याने इंजिनाचे ओझे सहापट झाल्यासारखे होते, म्हणून सहापट पेलले पाहिजे. मग इंजिन काढून त्या पाटावर आंबेमोहोराची पोती रचली. एक, दोन, तीन! पाट हलला नाही. सदुभाऊ स्वतः वर चढून बसले, तरी हलला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनी तेवढ्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारले, "मास्तर, ते पुढचं इंजिन धरून राहील ना? मला त्यातलं कळत नाही, म्हणून विचारते." मी म्हणालो, "निश्चिंत असा वहिनी, ते आसन नव्हे, सिंहासन आहे!" त्या हसल्या. त्यांचे ते विश्वासाने हसणे पुढे कितीतरी दिवस मला टोचत राहिले.

दिवाळी उलटली, भातकापणी आटोपली, आणि पंख सोडवून, सारे विमान दोन गाड्यांवर घालून आम्ही सगळ्यांनी, वहिनींसुद्धा, ते इंदुरीला नेले. तिथे गढीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठाला कोंडिबा नावाच्या शेतकऱ्याचा एक लांबरुंद माळ होता, आणि कोंडिबाने तो मोठ्या हौसेने झाडून, दगड वेचून ठेवला होता. ठरले असे की पहिल्या दिवशी विमान शेपटीकडून माळावरच्या जांभळीच्या झाडाला बांधून इंजिन नुसते चालवून पाहायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सदुभाऊंनी आकाशात जायचे. उद्या! या उद्याच्या कल्पनेने माझ्या ओठांवर आपोआप हसू येत होते. सदुभाऊंनी पंखा फिरवला. इंजिन दोनदा खोकले आणि मग त्याने जो काही आवाज काढला! जांभळीवरचे पोपट उडून नदीपार गेले. एरंडेलाचा निळसर धूर माळभर पसरला. गवत मागे लोटांगण घालू लागले, दोर ताणला, सारे विमान जागच्या जागी थरथरू लागले, आणि मी उपरणे डोक्यावर धरून, वेड्यासारखा, मोठमोठ्याने हसत होतो.

इमामभाई मात्र हसत नव्हते. ते पंख्यापासून जपून, बाजूने जवळ गेले आणि त्यांनी आपला तळहात त्या पाटाच्या मागच्या कडेवर ठेवला, वैद्याने नाडीवर ठेवावा तसा. बराच वेळ तो तिथेच होता. मग त्यांनी दुसऱ्या हाताने खूण केली, बंद करा. इंजिन थांबले. त्या अचानक शांततेत त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "मास्तर, तुमी आसन लिवलं हुतं न्हवं?" मी म्हणालो, हो. "आसनावर बसत्यात. म्हून मी बसाया केलं. पर ह्ये बसत न्हाई मास्तर, ह्ये तर वडतंय!" मला काहीच उमगेना. सदुभाऊ म्हणाले, "अहो इमामभाई, तीन पोती पेलली त्यानं." इमामभाई म्हणाले, "व्हय की. पोती खाली दाबत्यात. ह्ये म्होरं वडतंय, वर उपसतंय, आन् अंगातनं पिळतंय बी. सदुभाऊ, ह्ये वझं न्हाई. ह्यो बैल हाय. बैल कुनी गाडीत बसिवतं व्हय? त्याला गाडीला जुपत्यात. ह्याला आसन नगं, जू पायजे!"

सदुभाऊंना ते पटेना. उद्याच्या आणि त्यांच्यामध्ये एवढासा पाट उभा होता, पटणार कसे? वाद वाढला. शेवटी इमामभाई म्हणाले, "मग बैलच लावून बगू. पंका जितनं वडतो, तितंच दोर बांदू." कोंडिबाने आपली जोडी सोडून आणली तेव्हा सदुभाऊ जरा रागानेच म्हणाले, "एकच लावा. माझं इंजिन दोन बैलांचं नाही." बरे, एकच. पाखऱ्या नावाचा एक पांढरा, शांत डोळ्यांचा बैल. पंखा काढून त्याच्या दांड्याला दोर बांधला, त्याचे टोक पाखऱ्याला जोडले. विमानाची शेपटी जांभळीला बांधलेली होतीच. कोंडिबाने पाठीवर थाप मारली, "चल राजा!" पाखऱ्या एक पाऊल पुढे झाला. दोर ताणला. दुसरे पाऊल. करकर असा एक आवाज आला, पाटाची मागची कड फळीवरून हळूहळू उचलली जाऊ लागली, खालचे टेकू, ज्यांनी तीन पोती हसत पेलली होती, ते नुसतेच बघत राहिले, आणि फळीचा ढलपा काढून ते चारही बोल्ट बाहेर आले. माझे यंत्रासन इंजिनासकट गवतात पडले! पाखऱ्याला वाटले गाडी चालू लागली. तो त्याला ओढत तसाच नदीच्या दिशेने निघाला.

तुम्हाला हसू आले असेल. त्या वेळी कुणालाच आले नाही. सदुभाऊ फळीला पडलेली भोके बोटाने चाचपत होते. वहिनी शिवलेल्या पंखाला धरून उभ्या होत्या. त्यांनी फक्त एकदा वर पाहिले, जिथे उद्या त्यांचा नवरा असणार होता तिथे. मीही पाहिले. ते स्वच्छ, निळे, निष्पाप आकाश मला त्या क्षणी भयंकर वाटले. एक शब्द! केवळ नादमधुर आहे म्हणून मी लिहिलेला एक शब्द, आणि त्याच्या भरवशावर एक जिताजागता माणूस झाडांच्या वर जाणार होता! मी अपराध्यासारखा पुढे झालो आणि म्हणालो, "चूक माझी आहे." इमामभाईंनी मान हलवली. "येकट्याची न्हाई मास्तर. मलाबी कागद वाचताना वाटलं हुतं, इचारावं, ह्ये करतंय काय नेमकं? पर शबुद लय मोठा हुता. इचारायची लाज वाटली."

तीस वर्षे मी शब्द शिकवतो आहे. शब्दांचे सौंदर्य सांगितले, व्युत्पत्ती सांगितली, वृत्ते आणि अलंकार सांगितले. पण शब्द एवढा मोठा करू नये की समोरच्या शहाण्या माणसाला त्याच्यापुढे प्रश्न विचारायची लाज वाटावी, हे मला कुठल्या गुरूने सांगितले नव्हते. ते त्या माळावर, गवतात पडलेल्या लोखंडाशेजारी एका लोहाराने सांगितले, आणि तेही दोष माझ्यावरून उतरवून आपल्याकडे घेताना! आपण किती गोष्टींना अशी चुकीची आसने देऊन ठेवतो, नाही? जे आपल्याला ओढून नेणार आहे त्यालाच ओझे समजतो, आणि खालून टेकू लावून खूश होतो. संसाराचे असेच, विद्येचे असेच. पण हे तत्त्वज्ञान मला नंतर सुचले. त्या दिवशी मला नुसती लाज वाटत होती.

मग जे दिवस आले, त्यांची धुंदी काय सांगू! इमामभाईंच्या भात्यापुढे सदुभाऊ आणि मी बसत होतो आणि ते आम्हाला जुवाची विद्या सांगत होते. जू दांडीला खिळ्याने ठोकीत नाहीत. दोराने आवळून बांधतात. का? तर बैल चालताना मान हलवतो, आणि जे थोडे हलू शकते ते तुटत नाही. आणि बैलाचा जोर एका जागी घेऊ नये, तो साऱ्या गाडीत वाटला जावा. त्यांनी नवी चौकट केली ती अशी: फळीच्या चार कोपऱ्यांतून चार पोलादी नळ्या निघतात आणि इंजिनाला खालून, वरून, चोहोंकडून कवेत घेतात, त्यांच्यामध्ये तिरप्या नळ्या, पिळाला अडवणाऱ्या, आणि जिथे जिथे बोल्ट, तिथे तिथे जाड चामड्याची चकती. ती सारी चौकट मी एका हाताने उचलली! पहिल्या पाटाच्या निम्मीसुद्धा जड नव्हती. मी चकित होऊन विचारले, बळ मग कशात आहे? इमामभाई भाता ओढत म्हणाले, "बळ लोखंडात नसतंय मास्तर. जोर कुटनं येतो, कुटं जातो, त्येच्या वाटंत असतंय."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पुन्हा इंदुरीचा माळ. गवतावर दहिवर, नदीवर धुके. पुन्हा जांभळीला शेपटी बांधली आणि पाखऱ्याला आणले. तेव्हा सदुभाऊ काय म्हणाले ठाऊक आहे? "आता दोन्ही लावा!" दोन्ही बैल लावले. दोर ताणला, जांभळीची पाने टपटप गळली, बैलांचे खूर मातीत रुतले. नळ्या नुसत्या गुणगुणल्या. दोन्ही बैलांनी थांबून मागे वळून पाहिले, ही कसली गाडी म्हणून! कोंडिबा ओरडला, "न्हाई हालत! आयला, न्हाई हालत!" आणि आम्ही सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, मी बैलालाही मारली.

आणि मग ते उडाले! ऐका, ते उडाले! इंजिन गरजले, निळा धूर उसळला, विमान माळावरून उड्या घेत पळत सुटले, आणि एका उडीनंतर ते परत खाली आलेच नाही. त्याच्या चाकांमधून मला इंद्रायणीचा पल्याडचा काठ दिसला. चाकांमधून! सदुभाऊ जांभळीच्या वर, गढीच्या बुरुजांच्या वर, नदीवरून डावीकडे वळत होते, वहिनींनी शिवलेल्या कापडातून सकाळचे ऊन आरपार येत होते, आणि त्या सगळ्याला पुढे ओढीत होता तो आमचा एरंडेल पिणारा बैल, आपल्या जुवात घट्ट आणि मोकळा. इमामभाई आकाशाकडे पाहत नव्हते. डोळे मिटून ते आवाज ऐकत होते. मी मात्र रडत होतो, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नव्हती. चार-सहा मिनिटांत एक वळसा घेऊन ते माळावर उतरले, दोनदा उसळले, थांबले. सदुभाऊ खाली आले आणि त्यांनी प्रथम त्या तापलेल्या नळ्यांवर हात ठेवला.

वहिनी माझ्याजवळ आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मास्तर, कागदावर आता काय लिहिलंय?" मी म्हणालो, "जू." त्या हसल्या. "मग ठीक आहे. हे मलाही कळलं असतं."

काल त्या गाडीवानाला मी अखेर काहीच सांगितले नाही. पुढे होऊन त्याच्या गाडीच्या जुवावर नुसता हात ठेवला. दोराची गाठ जरा हलत होती, हलायला हवी तेवढीच. एरंडेलाचा वास अजून दरवळत होता. घरी येऊन मी खण उघडला आणि तो कागद काढला. माझ्या वळणदार अक्षरांतले यंत्रासन, खाली दोन रेघा, आणि त्यावरून आडवी मारलेली काट. शेजारी इमामभाईंनी कोळशाने, वाकड्यातिकड्या हाताने लिहिले आहे, जू. एका अक्षराचा शब्द आहे. त्याला धरून एक माणूस इंद्रायणीवरून गेला आणि घरी परत आला.